उगवलेला कठडा

जिन्यालगतच्या भिंतीवर, कमरेच्या उंचीला, बोटभर जाडीचा उंचवटा आला होता. ऋजुताने त्यावरून तळहात फिरवला. तिच्या स्टुडिओने हे घर बुरशीच्या धाग्यांपासून वाढवलं होतं. जिथे भार पडेल, तिथे भिंत आपोआप जाड व्हायची.

“भिंत सुजली की काय?” नीरजाने विचारलं.

“नाही. कठडा उगवतोय. कुणीतरी रोज इथे रेटा देऊन जिना चढतंय.”

नीरजाने सासऱ्यांकडे पाहिलं. “अप्पा, गुडघा ठणठणीत आहे असं सांगून दोन वर्षं ऑपरेशन टाळताय ना?”

“भिंतीला काय कळतं?” अप्पा म्हणाले.

ऋजुता वाकून बघत होती. उंचवट्याच्या खालच्या बाजूला बोटं रुतण्यासाठी चार खाचाही पडल्या होत्या. तिच्या आराखड्यात यातलं काहीच नव्हतं.

“अप्पा, हात ठेवून बघा,” ती हळूच म्हणाली.

अप्पांनी ठेवला. तो अचूक बसला. इतक्या मायेने कुणी आधार दिला, की त्याच्याशी खोटं बोलणं अवघड जातं.

“चहाडखोर आहे तुमची भिंत,” ते ऋजुताला म्हणाले. मग सुनेकडे वळले.

“डॉक्टरांना फोन लाव, नीरजा. गुडघा बदलून टाकू.”