बांधलेला हात

पोरीची तिसरी किंकाळी ऐकली आणि म्हाताऱ्या सुताराने बंद दारावर लाथ घातली.

“उघड! नाहीतर आधी दार फोडीन आणि मग तुझं डोकं!”

“तासभरच राहिलाय, बाबा,” आतून सून म्हणाली. तिला धाप लागली होती. “तुम्ही जा बघू तिकडे. रोज रोज तमाशा नका करू.”

तमाशा म्हणे! आत सहा वर्षांची नात गुरासारखी ओरडतेय आणि तमाशा कोण करतंय, तर हा! मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी बंद पडली आणि एका दुपारीत भिंगरीचा डावा हात लुळा झाला. मूठ मिटली ती मिटलीच. लकवा हे म्हाताऱ्यांचं दुखणं. सत्तरी ओलांडून हा अजून रोज रंधा मारतोय, आणि दुखण्याने गाठलं कोणाला, तर त्या चिमुरडीला. वर डॉक्टरांचं डोकं बघा. म्हणे चांगला हात रोज तीन तास बांधून ठेवा, म्हणजे लुळा हात कामाला लागेल. अरे, लंगड्याची कुबडी काढून घेतली की तो धावायला लागतो का?

“आजोबा, सोडव ना मला!”

म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दार त्यानेच केलेलं. कडीचे स्क्रू कुठवर गेलेत ते त्याला पाठ. त्याने पटाशी फटीत घातली, वर हातोडीचे दोन घाव घातले, आणि कडी फळीचा ढलपा घेऊन निघाली.

खोलीभर लाकडी ठोकळे उधळले होते. सुनेच्या मनगटावर दातांचे व्रण होते, ओठ फुटून रक्त आलं होतं. ते त्याला दिसलंच नाही. त्याला दिसला फक्त नातीचा उजवा हात, बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळून पोटाशी आवळलेला.

“कसाईण आहेस तू, कसाईण!” तो पटाशी घेऊन पट्टीच्या गाठीकडे झेपावला.

सून मध्ये आली. “गाठीला हात लावायचा नाही. तुमच्या मायेपायी तिचा डावा हात जन्माचा जाईल.”

त्याने सुनेच्या थोबाडीत मारली. जन्मभर करवत ओढलेला हात तो. ती कपाटावर आदळली आणि तिथेच खाली बसली. म्हातारा वाकला आणि पटाशीचं टोक गाठीत घालू लागला.

“हलू नकोस हं बाळा, लागेल,” तो नातीला म्हणाला.

“माझ्या आईला मारलंस!”

त्याच्या गालावर असा तडाखा बसला की चष्मा उडून ठोकळ्यांत पडला.

म्हाताऱ्याने तोंडातून शिवी काढली आणि ती अर्ध्यातच गिळली. गाठ अजून कापलेली नव्हती. उजवा हात पोटाशी तसाच आवळलेला होता.

तो मटकन खाली बसला. पटाशी त्याने लांब सरकवली. चष्म्याशिवाय त्याला धड दिसेना, आणि डोळ्यांतलं पाणी तर थांबायलाच तयार नव्हतं.

“सूनबाई,” तो म्हणाला, “बघ गं. बोटं किती उमटलीत?”

सून रांगतच जवळ आली. ओठाचं रक्त तिने बाहीला पुसलं आणि सासऱ्याची हनुवटी धरून गाल उजेडाकडे वळवला.

“तीन,” ती म्हणाली आणि हुंदका देऊन रडायला लागली.

भिंगरी घाबरून दोघांकडे बघत होती. म्हातारा गुडघ्यांवर तिच्यापर्यंत सरकला आणि तिच्यासमोर गाल धरला.

“दोन राहिली,” तो म्हणाला. “आईला मारलं ना मी? मग हाण.”