उंबऱ्यावरची जागा

“पुन्हा दारापासून,” कानिफनाथ मास्तर म्हणाले.

छबूबाईनं डोळे मिटले. ती आत जात्याशी बसली होती. मास्तर नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईच्या घरात परक्या पुरुषानं त्यापुढं पाऊल टाकू नये, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

“उंबरा,” ती म्हणाली. “तितं त्यो उबा हुता. मंग मेढीचा खांब. मेढीचा कंदील खाली पडला. मंग कनगी. कनगीपाशी मालक पडलं हुतं.”

“आणि उंबऱ्यावरच्याचं तोंड?”

“न्हाई दिसत, मास्तर. निस्ती सावली.”

“असू दे. ताण देऊ नकोस.” त्यांनी हातातली डबी मिटून खिशात टाकली आणि रुमालानं नाक पुसलं.

आसारामला कणगीतल्या ज्वारीपायी मारलं होतं. लढाईचे दिवस, धान्य मिळत नव्हतं. चोरानं छबूबाईच्याही डोक्यात घाव घातला. दोन दिवसांनी ती शुद्धीवर आली, पण त्या माणसाचा चेहरा तेवढा हरवून आली. पोलिसांनी पलीकडच्या वस्तीवरच्या छगनला धरलं होतं. त्याच्या घरात एक पोतं सापडलं, पण ज्वारीवर काही कुणाचं नाव नसतं. आता शेवगावच्या कचेरीत मामलेदारांपुढं ओळखपरेड व्हायची होती. पाहणारी एकटी छबूबाई.

“न्हाई वळाकला तर त्यो सुटनार,” सासू भीमाबाई सूप पाखडता पाखडता म्हणाली. “सुटला की पयला हितंच येनार. अर्दं ऱ्हायल्यालं काम कोन सोडतंय?”

म्हणून तीच मास्तरांना बोलवायला गेली होती. चाळीस वर्षं मास्तरांनी सातवीच्या पोरांना एकच युक्ती शिकवली होती. लक्षात ठेवायचं ते आपल्या घरात मांडायचं. दारात एक, मेढीला एक, कोनाड्यात एक. मग मनातल्या मनात घरातून फिरायचं. पोरांनी दारात गोदावरी मांडली, चुलीपाशी पानिपत मांडलं, आणि त्यातली पुष्कळ पास झाली. युक्तीनं झाली की घोकून, हे मास्तरांना कधी कळलं नाही. विचारायचाही त्यांना धीर झाला नाही. भीमाबाईला ते आधी हो म्हणाले, आणि घाबरले नंतर.

इथं तर घर मांडायचंही नव्हतं. घर तेच होतं. ते रोज दुपारी येत, उंबऱ्यावर बसत आणि तिला घरातून फिरवून आणत.

“सून साळंत घातली म्हनायची,” भीमाबाई म्हणे. “उद्या पाटी बी आना, मास्तर.”

आठव्या दिवशी छबूबाई डोळे मिटूनच म्हणाली, “त्यो ताट उबा न्हाई. वाईच वाकलाय.”

“दार बुटकं आहे ना तुमचं. बरोबर आहे.” मास्तर पुढं वाकले. “थांब तिथंच. घाई नको.”

बाराव्या दिवशी ती म्हणाली, “वास येतुया. तपकिरीचा.”

मास्तर खूश झाले. वासाची आठवण सगळ्यांत मागून येते पण पक्की येते, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. छगन तपकीर ओढतो की नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी मुद्दाम विचारलंही नाही. त्या रात्री कितीतरी वर्षांनी त्यांना शांत झोप लागली. आपण अगदीच वाया गेलो नाही, असं त्यांना वाटलं.

पुढं तिला त्या माणसाच्या कानाशी काहीतरी पांढरं दिसलं. दुसऱ्या दिवशी तो दोरा झाला.

“रोज जायचं, रोज बघायचं,” मास्तर नाकावरून घसरणारा चष्मा सावरत म्हणाले. “एक दिवस तो आपण होऊन तोंड वर करील.”

परेडच्या आदल्या दुपारी छबूबाईचे ओठ एकदम थांबले.

“दिसलं,” ती म्हणाली.

“नाव सांगू नकोस.” मास्तरांनी घाईनं हात वर केला. “मला नको, सासूबाईंना नको. मास्तरानं पढवली असं कुणी म्हणायला नको. उद्या साहेबापुढं बोल.”

तिनं डोळे उघडले. मास्तरांकडे पाहिलं. मग पदर पुढं ओढून ती जात्याच्या पलीकडं सरकली. पोर बिचारी दमली, असं मास्तरांना वाटलं.

सकाळी बैलगाडीत ती पाठमोरी बसली. मास्तरांनी तिला वाटेत बोलतं केलं नाही. भरलेली घागर हिंदकळू नये, तसे ते तिला जपत होते.

कचेरीच्या चौकात नऊ माणसं ओळीनं उभी होती. छगन चौथा. शिपायानं मास्तरांना आत सोडलं नाही. “मास्तर, तुमी हितंच दारात ऱ्हावा.”

छबूबाईनं क्षणभर डोळे मिटले. तिचे ओठ हलले. मग ती ओळीसमोरून निघाली. पहिला. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी ती थांबली तेव्हा मास्तर टाचा उंचावून बघू लागले.

ती पुढं गेली. नवव्यापर्यंत गेली.

“बाई, यातला कोणी?” मामलेदारांनी विचारलं.

“न्हाई, सायेब. ह्यात न्हाई.”

छगननं डोळे मिटून घेतले. मास्तरांची मान खाली गेली. चाळीस वर्षांची युक्ती, आणि ऐन वेळी अशी. चष्म्याची मोडकी काडी कानाला बांधून ठेवणारा दोरा त्यांनी उगाच चाचपला आणि सवयीनं खिशात हात घातला.

छबूबाई वळली. तिचा हात हळूहळू वर आला.

“उंबऱ्यावर,” ती म्हणाली. एकही जागा न गाळता, अगदी शिकवलं होतं तशी. “वाईच वाकल्याला. कानाला दोरा. तपकिरीचा वास.”

सगळे दाराकडे वळले. मास्तरांच्या चिमटीतली तपकीर तशीच राहिली.