वळणावरची झांज

सांगलीचा कार्यक्रम परवावर आला होता आणि प्रत्येक फेरीत नागसेनची झांज एकदा उशिराच वाजत होती. त्याचं हे बौद्धिक दिव्यांग प्रौढांचं लेझीम पथक ज्ञानदा बसवत होती. फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले हलगीवाले आण्णा वैतागले. “त्याच्याकडनं झांज काढून घे पोरी. नुसता उभा ऱ्हाऊ दे.” नागसेनने झांज शर्टाखाली लपवली. चूक पुसण्याआधी मोजायची, ही प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या ज्ञानदाची सवय. तिने मोबाइलवरचं सरावाचं चित्रीकरण सावकाश चालवून आण्णांना दाखवलं. झांज फक्त वळणावर थांबत होती, पथकातल्या लक्ष्मीबाईचा अधू पाय जमिनीला टेकेपर्यंत. “लक्ष्मीसाठी थांबतोस व्हय रं?” आण्णांनी विचारलं. “न्हाईतर ती मागं ऱ्हाती,” नागसेन म्हणाला. आण्णांनी हलगीचं कातडं ताणायला ती पुन्हा शेकून घेतली. वळणावर त्यांची काठी हवेतच थांबली. लक्ष्मीबाईचा पाय टेकला आणि हलगी, झांज, लेझीम एकदम वाजली.