मोकळा गोल

डॉ. प्रेरणाने काचेच्या दोन बशा टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. "हात नका लावू काका, नुसतं बघा."

फुलचंद वाकला. बाभुळगावजवळ त्याचा डुकरांचा फार्म होता, आणि याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर त्याची बायको सुखीबाई तापानं फणफणत पडली होती. इंजेक्शनांवर इंजेक्शनं झाली, पण ताप हटायचं नाव घेत नव्हता.

बशांमध्ये दुधावर धरते तशी पातळ साय धरली होती. सायीवर टिकलीएवढे कागदाचे पांढरे ठिपके.

"ही साय म्हणजे जंतू, काका. करोडोंनी. प्रत्येक ठिपका वेगळ्या औषधात भिजवलाय. औषध लागू पडलं की ठिपक्याभोवतीचे जंतू मरतात आणि मोकळा गोल पडतो."

फुलचंद गोल शोधू लागला. साय ठिपक्यांना बिनधास्त खेटून बसली होती.

"सुखीची कोन्ती?"

"डावी. काकूंच्या लघवीतले जंतू. उजवीकडची तुम्ही आणून दिलेल्या डुकरांच्या घाणीतली."

त्याला काही म्हणता काही फरक दिसेना. हॉटेलातलं उष्टं उकळून डुकरांपुढे ओतताना त्यात मूठभर औषधाची पूड टाकायची, हा त्याच्या हाताचा नेमच होता. डुकरं आजारी असोत, नसोत. पिल्लांना हगवण लागत नाही आणि अंगही लवकर भरतं, एवढं त्याला ठाऊक. एक पूड लागेनाशी झाली की दुकानातून दुसरी आणायची. शेड धुऊन काढायचं काम सुखीबाईचं.

"मी एवढं औषध चारलं, अन् हे मेलेच नाही?"

"मेले ना. कमजोर होते ते मेले. तगले त्यांची ही पिलावळ."

हे मात्र त्याला झटकन कळलं. दणकट नर तेवढा राखायचा आणि त्याचीच पैदास वाढवायची, हेच तर तो जन्मभर करत आला होता. आणि इथं, न बघता, न ठरवता, त्याच्या हातून अशी जात पोसली गेली होती की तिच्यापुढं त्याची विलायती डुकरं म्हणजे काहीच नव्हती. त्याला भीती वाटली. पण भीतीच्याही आधी वाटलं ते नवल. डोळ्याला न दिसणारा जीव, आणि केवढी त्याची हिंमत! त्याचे हात आपोआप जोडले जात होते, ते त्यानं पाठीमागं नेऊन धरले.

"मंग माही सुखी?"

प्रेरणाने डावी बशी जराशी फिरवली. त्याच्या नजरेतून सुटलेल्या, काठाजवळच्या एका ठिपक्याभोवती साय नव्हती. तिथं स्वच्छ, मोकळा गोल होता.

"हे एक उरलंय. आत्ता सुरू करते. काकू बऱ्या होतील. या औषधाचं नाव..."

"नाव नका सांगू, मॅडम!"

"का हो काका?"

फुलचंदची नजर त्या गोलावरून हलत नव्हती.

"पिल्लं पटापट मराले लागले का माणूस दुकानात पयते. मी मले ओळखतो. नाव मालूम पडलं, त मी हेबी चारीन."