हातगुण

तिसऱ्या परीक्षकाने एकच प्रश्न विचारला होता, पण नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. "या पेशी उपाशी ठेवल्या की जगभर पाचव्या दिवशी मरतात. तुमच्याकडे आठव्या दिवशीही ठणठणीत कशा? कृती सविस्तर लिहावी."

उत्तर पाच वाजेपर्यंत धाडायचं होतं. ते गेलं की पेपर छापला जाणार, पेपर छापला की प्रबंध मंजूर होणार आणि तिचा सहा वर्षांचा वनवास संपणार. तिची आत्या पूर्वी फोनवर "अजून शिकतेच आहेस का गं?" असं विचारायची. हल्ली तिने तेही सोडलं होतं. "शिकून झालं की कळव," एवढंच म्हणायची.

पावणेचार वाजले होते.

शोध तसा भन्नाट होता. यकृताच्या पेशींचा खुराक बंद केला, की आठव्या दिवशी त्या चक्क मूत्रपिंडातलं प्रथिन बनवू लागायच्या. "भूक लागली की पेशी आपलं घराणं विसरते," असं तिचे सर प्रत्येक भाषणात सांगायचे आणि टाळ्या घ्यायचे. सुरुवातीला कुणाचाच विश्वास बसेना. मग पलीकडच्या खोलीतल्या डॉक्टरांनी अगदी उलटी गोष्ट शोधून काढली. त्यांच्याकडे मूत्रपिंडाच्या पेशी उपाशी ठेवल्या की यकृतासारख्या वागत होत्या. सरांचा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा. लिफ्टमध्ये एक दिसला की दुसरा जिन्याने चार मजले चढायचा. तेव्हा संगनमताचा प्रश्नच नव्हता. वैऱ्याने दिलेली साक्ष म्हणजे सोन्याहून पिवळी. पहिले दोन परीक्षक तिथेच गप्प झाले.

राहिला तिसरा. त्याला कृती हवी होती, आणि कृती मावशींच्या हातात होती.

मावशी दोन्ही खोल्यांच्या मदतनीस. पेशी ठेवायचं उबदार कपाट दोन्ही खोल्यांत मिळून एकच होतं आणि त्याची सगळी देखभाल त्यांच्याकडे. एका पंधरवड्यात इकडच्या पेशी उपाशी, दुसऱ्यात तिकडच्या, अशी पाळी लावलेली होती. पहिल्या वर्षी तिने स्वतः सात वेळा प्रयत्न केला होता. सातही वेळा पाचव्या दिवशी सगळ्या पेशी गारद. सातव्या वेळी ती थंड खोलीत जाऊन अशी हमसून हमसून रडली, की सरांनी फर्मानच काढलं, "तू पेशींना हात लावू नकोस. मावशींना करू दे." मावशींनी हात लावला मात्र, आठव्या दिवशी पेशी टवटवीत! "हातगुण असतो एकेकाचा," सर म्हणाले. गेल्या साडेचार वर्षांत त्या प्रयोगशाळेत एवढा एकच सिद्धांत कुणी तपासून पाहिला नव्हता.

पण पेपरात 'हातगुण' कसा लिहिणार? ती वही-पेन घेऊन मावशींकडे गेली. मावशी कोपऱ्यातल्या मोरीपाशी काचेच्या बाटल्या विसळत होत्या.

"मावशी, पेशींचं पाणी बदलताना तुम्ही काही वेगळं करता का?"

"नाही बाई. तुम्ही कागदावर लिहून दिलंय तस्संच."

"कोमट जास्त करता?"

"सदतीस म्हणजे सदतीस."

तिने सगळं विचारून घेतलं. किती वेळा धुता, किती हळू ओतता, कपाटाचं दार किती वेळ उघडं ठेवता. उत्तरं सगळी कागदाबरहुकूम. शेवटी तिने लाज सोडून विचारलं, "त्यांच्याशी बोलता वगैरे का?"

"पेशींशी? मला काय वेड लागलंय?"

बाहेरून सरांची हाक आली, "झालं का लिहून? पाच वाजतील हां!"

ती रडकुंडीला आली. "अहो, मग आठव्या दिवशी त्या जिवंत कशा राहतात?"

मावशींनी नळ बंद केला. पदराला हात पुसले.

"राहतात कुठे, ताई? पाचव्या दिवशी मरतातच की."

तिने सवयीने वहीत 'पाचव्या दिवशी मरतात' असं लिहिलंही.

"तुम्ही त्या दिवशी किती रडलात! मला बघवेना. म्हणून मेलेल्या टाकून देते आणि पलीकडच्या खोलीतल्या थोड्या आणून ठेवते. त्यांच्या तेव्हा भरल्या पोटी असतात ना. दिसायलाही सारख्याच. म्हटलं, पोरीचा जीव भांड्यात पडेल. मी सांगितलंही असतं, पण मला कधी कुणी विचारलंच नाही."

तिने मनातल्या मनात हिशेब मांडला. म्हणजे साडेचार वर्षं मूत्रपिंडाच्या पेशी मूत्रपिंडातलंच प्रथिन बनवत होत्या. इमानेइतबारे, आपल्या घराण्याला स्मरून! सरांना काय सांगायचं? आत्याला काय कळवायचं? तिला हसू येतंय की रडू, तिचं तिलाच कळेना. मग एकदम तिला पलीकडचे डॉक्टर आठवले. बुडत्याला काडीचा आधार. आपलं चुकलं, पण त्यांनी तर वेगळ्या खोलीत, वेगळ्या हेतूने, आपल्याला खोटं पाडायला म्हणून प्रयोग केला होता. त्यांना दिसलं ते तरी खरं असेल. शोध खरा असेल तर प्रयोग पुन्हा करता येईल. आणखी एक वर्ष, फार तर दोन.

"मावशी," ती म्हणाली, "त्यांच्या पेशी आपण घेतो, हे पलीकडच्यांना ठाऊक आहे?"

"छे! त्यांना कशाला सांगू?" मावशींनी पुढची बाटली उचलली. "पण फुकट नाही हं घेत मी कुणाचं. उसनं आणलं की फेडायला नको? त्यांच्या मेल्या की आपल्यातल्या नेऊन ठेवते."