उजव्या अंगठ्याचं नख

"तोंड हवं तेवढं वाकडं करा, मावशी. अंगठा मात्र हलवू नका."

पॅकिंगच्या मुलीने मावशींचा अंगठा कोमट मिठाच्या पाण्यातून बाहेर काढला आणि कापसाने टिपून घेतला. नख टोकापासून निम्म्यापर्यंत उभं चिरलं होतं. काल संध्याकाळी घरी पत्र्याच्या पेटीचं झाकण त्यावर पडलं होतं. चिरेच्या तळाशी ओलं, लाल मांस दिसत होतं. काम सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि कारखान्याच्या धुण्याच्या खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं.

मुलगी इथे येण्यापूर्वी पार्लरमध्ये होती. तिने चिरेची फाटकी कड कात्रीने कापली. टी-बॅग फाडून पावडर झटकली, तिच्या कागदाची बोटाच्या पेराएवढी पट्टी कापली. मग चिरेच्या दोन्ही कडा चिमटीत धरून नखं चिकटवायच्या गोंदाचा एक थेंब सोडला. मावशींच्या डोळ्यांतून पाणी आलं. अंगठा मात्र हलला नाही.

"नवरीच्या नखालाही एवढं जपलं नाही मी कधी," मुलगी म्हणाली.

मावशींनी तिला जरा भरभर करायला सांगितलं.

खुब्याच्या सांध्यात बसवायचे पोलादी गोळे इथे तयार होत. आरशासारख्या गोळ्यावर केसाहून बारीक ओरखडा राहिला तर तो डोळ्यांना दिसत नाही, त्याची चकाकीच त्याला लपवते. नखाला तो कळतो. एकोणीस वर्षं मावशी प्रत्येक गोळ्यावरून उजव्या अंगठ्याचं नख फिरवत आल्या होत्या. कारखान्यात त्यांना नखवाल्या मावशीच म्हणत. आज पहाटे त्यांनी डाव्या अंगठ्याचं नख चमच्यावर, काचेवर, नाण्यावर फिरवून पाहिलं होतं. ते ठार बहिरं निघालं. बाकीच्या बोटांची नखं पातळ, लगेच वाकणारी.

नवं नख यायला चार महिने लागले असते. मावशींच्या आधी तपासणीच्या खुर्चीवर बसणारी बाई मोतीबिंदूसाठी महिनाभर रजेवर गेली होती. बाई परत आली, खुर्ची काही परत मिळाली नाही. आता ती आवार झाडते, आणि मावशी फाटकातून आत शिरल्या की हसून विचारते, "काय, खुर्ची उबदार आहे ना अजून?"

मुलीने पट्टीवर गोंदाचा आणखी एक थर दिला, फुंकर घातली, आणि नखाच्या कानशीने सगळं घासून सपाट केलं. इथे चीर होती हे सांगूनही पटलं नसतं. तिने बजावलं की हे उपटायचं नाही, उपटलं तर मांसासकट निघेल.

मावशी जागेवर बसल्या. टेबलाच्या खणात एक नापास गोळा होता. त्यावर एकच ओरखडा होता आणि शेजारी शाईचा ठिपका. रोज सकाळी त्या ओरखड्यावरून नख फिरवायचं, तो लागला की मगच कामाला सुरुवात करायची, अशी त्यांची रीत होती. त्यांनी नख फिरवलं.

गुळगुळीत.

त्यांनी ठिपका पाहिला, गोळा दिव्याखाली तिरका धरला. जागा माहीत होती म्हणून ओरखडा दिसला. डोळे त्यावर ठेवून त्यांनी पुन्हा नख फिरवलं, मग दाबून फिरवलं. गोंद आणि कागदाखाली नख झोपल्यासारखं पडून होतं.

पहिल्याच दिवशी इंजिनिअरने त्यांना समजावलं होतं की असा गोळा खुब्यात गेला, तर ज्या प्लास्टिकच्या वाटीत तो फिरतो तिला कानशीसारखा खात राहतो. वाटीचा तो भुगा हाड पोखरतो. चालायला लागलेला माणूस काही वर्षांत पुन्हा कुबड्यांवर येतो, आणि तेव्हा नवा गोळा बसवायला हाडच उरलेलं नसतं.

सुपरवायझरने चोवीस गोळ्यांचा ट्रे समोर ठेवला. मावशींनी तोंड उघडलं. त्याची नजर त्यांच्या अंगठ्याच्या लाल झालेल्या कडेवर गेली आणि त्याने विचारलं की हाताला काय झालं.

"काही नाही," मावशी म्हणाल्या, "जरासं कातडं निघालं."

तो गेला. त्यांनी पहिला गोळा उचलून नख फिरवलं आणि तो डाव्या हाताच्या, पास गोळ्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. मग दुसरा घेतला. हात आपला सरावाने चालत होता, थांबायचा तिथे थांबत होता, गोळा वळवायचा तिथे वळवत होता. लांबून पाहणाऱ्याला काही वेगळं वाटलं नसतं. चोवीसच्या चोवीस गोळे गुळगुळीत होते.

साडेअकराला सुपरवायझर परत आला. गोळे न्यायला आलेली दवाखान्याची गाडी फाटकात उभी होती.

"एकही बाद नाही?" त्याने ट्रेकडे पाहत विचारलं. "रोज दोन-तीन तरी काढता तुम्ही."

"झालं नाही अजून. शेवटची नजर टाकते आहे. दोन मिनिटं द्या."

तो दाराशी जाऊन गाडीवाल्याशी बोलत उभा राहिला. मावशींनी बाद गोळ्यांचा लाल डबा जवळ ओढला. पहिल्या रांगेतला एक गोळा उचलून त्यात ठेवला. एक तिसऱ्या रांगेतला. सगळे एका जागचे दिसायला नकोत. मग अगदी कडेचा एक उचलला, डब्यापर्यंत नेला, परत जागेवर ठेवला आणि त्याच्या शेजारचा घेतला.