निळा ठिपका

देवबागच्या खाडीतल्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, मोजायची माझी रीत सोपी आहे. पकडायच्या, पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, सोडायच्या. चार दिवसांनी पुन्हा पकडायच्या आणि ठिपकेवाल्या किती, ते बघायचं.

आज एकोणचाळीस सापडल्या. काहींवर माझा लाल ठिपका होता. निळा मात्र सगळ्यांवर होता.

निळं नेलपॉलिश माझ्याकडे नाही. मी तसं वहीत लिहिलं.

होडीवाले दाजी नांगर उचलायला वाकले. त्यांच्या मानेवर, केसांखाली, तोच निळा ठिपका.

"दाजी, हे काय?"

"तुझ्या पण मानेर आसा गो," नांगर होडीत ठेवून वल्हं घेत ते म्हणाले. "सोमवारपासून बघतंय."

मी बोटांवर दिवस मोजले. चौथा आजचा.

दाजी वल्हं मारत होते. होडी हलत नव्हती.